गळ्याची शपथ

४ फेब्रुवारी

दादा,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे दवंडी पिटणं. लिफ्टच्या मोटरींशेजारी तीस वर्षं काढून तू कान घालवून बसलास. आता तुला 'बरी आहे' एवढं सांगायचं तरी वरच्या मजल्यावरचे लोक खिडकीतून डोकावतात. मेसेज करावा तर माझा फोन माझा राहिलेला नाही. दवाखान्याचे निरोप त्यावर येतात म्हणून तो लेकीच्या हातात असतो. घरात खोल्या तीन आणि काळजी करणारी माणसं दोन, पण मी ज्या खोलीत जाईन तिथे दोन्ही हजर. म्हणून हे चष्म्याच्या दुकानात, मागच्या टेबलावर बसून लिहितेय. मालक म्हणाले, अर्धा दिवस या, जमेल ते करा. काचा घासायच्या मशीनवर मी आता बसत नाही. मागच्या औषधांनी बोटांची टोकं बधिर झालीत ती झालीतच. तयार चष्म्यांचे स्क्रू आवळते आणि काचा पुसून डबीत ठेवते.

आता मुद्द्याचं. आजार परत आलाय हे तुला माहीत आहे. अडीच वर्षं गप्प बसला होता, डिसेंबरात त्याने डोकं वर काढलं. अंडाशय मागेच काढलेत, आता पोटात बारीक बारीक गाठी आहेत. डॉक्टरीणबाईंनी तेच जुनं औषध पुन्हा चालू केलं, प्लॅटिनमचं. बायका ते बोटात घालतात, मी शिरेत घालते! मागच्या वेळी सहा डोस झाले होते. गेल्या अठ्ठावीस तारखेला सातवा झाला. आठवा १८ ला आहे.

सातवा संपला, सुई काढली, आणि घरी येताना गाडीत माझे तळहात खाजायला लागले. साधं नाही, आतून, हाडापासून. मान लाल झाली. हे गाडी चालवत होते. दिवसभर लोकांना गाडी चालवायला शिकवून यांची नजर रस्त्यावरून हलत नाही, त्यामुळे त्यांना दिसलं नाही. घरी येऊन लेकीची सर्दीची गोळी घेतली आणि तासाभरात सगळं गेलं.

मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. का ते सांगते. मागच्या वेळी माझ्या शेजारच्या खुर्चीत एक शाळेतल्या बाई असायच्या. त्यांच्या अंगावर पुरळ उठलं म्हणून त्यांचं औषध बंद केलं, दुसरं दिलं. नंतर दोनदा दिसल्या, मग दिसल्या नाहीत. दादा, याच औषधाने मला अडीच वर्षं दिली. थोड्या खाजेपायी मी ते हातचं जाऊ देणार नाही.

तुला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. पण तुझ्यापाशीच ठेव. माझ्या गळ्याची शपथ आहे.

तू या खेपेला एकदाही आला नाहीस. रागावलेली नाही, नुसतं लिहितेय.

तुझी
खार


१३ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

नऊ तारखेला पत्र मिळालं. चार दिवस कोरा कागद घेऊन बसत होतो.

तुला खारूताई नाव मी उगाच ठेवलं नव्हतं. लहानपणी तुझ्या खिशात काय निघायचं नाही! पेन्सिलीची टोकं, अर्धी बिस्किटं, माझी हरवलेली गोटी. लपवण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. पण आता पन्नाशी उलटली बाई. तळहाताची खाज ही खिशात घालायची वस्तू नाही.

आमच्या धंद्यातलं सांगतो. लिफ्ट एकदम बंद पडत नाही. आधी कुरकुरते. दार लावताना अर्धा सेकंद अडखळते, थांबताना बोटभर खाली थांबते. रहिवासी म्हणतात, "अहो चालतेय ना, कशाला बंद करता?" आणि मग एक दिवस तीच माणसं आत अडकून दारावर बुक्क्या मारतात. त्यांना औषध बंद होईल याची भीती नसते, पाच जिने चढायची असते, एवढाच फरक.

तेव्हा १८ ला सुई लावायच्या आधी सिस्टरना सांग. "मागच्या वेळी हात खाजले होते." पाच शब्द. ते लगेच बंदच करतील असं थोडंच आहे? काही आधी देतील, काही सावकाश देतील. त्यांचं ते शिक्षण आहे.

गळ्याची शपथ घातलीस म्हणून मेहुण्यांना फोन केला नाही. दोनदा उचलून खाली ठेवला. हे बरं केलं की नाही, मला कळत नाही.

इकडे सगळं ठीक. कामाचा धबडगा आहे. कालच एकोणीस मजली इमारतीचं काम हातात आलं, त्यामुळे रजेचं नाव काढायची सोय नाही. जमलं की येतो.

दादा


२१ फेब्रुवारी

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

अठरा तारखेला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तिचं औषध चालू झालं. मी शेजारी स्टुलावर होतो. अकरा अठ्ठावीसला ती दोन्ही तळहात मांडीवर घासायला लागली. मी विचारलं, "काय होतंय?" ती म्हणाली, "काही नाही." आणखी एका मिनिटात तिचा चेहरा विटेसारखा झाला. ओठ सुजले. ती म्हणाली, "कंबर, कंबर." मग गळ्याला हात लावला आणि आवाज बंद झाला. नुसती शीळ घातल्यासारखा श्वास येत होता. मी ओरडलो. सिस्टरनी नळी बंद केली, तिला आडवं केलं, पाय उशांवर घेतले. कुणीतरी तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं. एक जण मोठ्याने ब्लडप्रेशर वाचत होता. ऐंशी. साठ. मग त्याने मोठ्याने वाचणं सोडून दिलं. मला पडद्याबाहेर काढलं.

दुसरं इंजेक्शन द्यावं लागलं. दोन दिवस अतिदक्षता विभागात होती. आज साध्या खोलीत आणलं आहे. वाचली.

तुमचं तेरा तारखेचं पत्र एकोणीसला घरी आलं. ती दवाखान्यात होती. काही निकडीचं असेल म्हणून मी उघडलं.

तुम्हाला माहीत होतं. नऊ तारखेपासून अठरापर्यंत नऊ दिवस तुम्हाला माहीत होतं. मला एक फोन केला असतात तर मी डॉक्टरांना सांगितलं असतं. तुम्ही शपथ पाळलीत. ज्या गळ्याची शपथ पाळलीत तो बंद होताना मी पाहिला.

तिने माझ्यापासून लपवलं याबद्दल मी तिच्याशी बोलेन. तुमचं पत्र तिला दिलेलं नाही. तूर्त आणखी पत्रं पाठवू नयेत ही विनंती.

आपला,
(सही)


२८ फेब्रुवारी

मेहुणे यांस,

तुमचं प्रत्येक वाक्य खरं आहे.

फोन माझ्या हातात होता. मला वाटलं, बहिणीने विश्वासाने सांगितलं, तो मोडू नये. आता वाटतं, तिने सांगितलं ते कुणीतरी मोडावं म्हणूनच सांगितलं असेल.

ती बोलायला लागली की एवढं सांगा, दादाने विचारलंय. पत्र द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.


२ एप्रिल

दादा,

सहा आठवडे मी समजत होते की तू घाबरून गप्प बसलास. काल गाडीच्या कप्प्यात रुमाल शोधायला हात घातला तर तुझी दोन पाकिटं हाताला लागली. एक माझ्या नावाचं, फोडलेलं, एक यांच्या नावाचं. मी तिथेच बसून वाचली. हे बाहेर उभे होते, एका विद्यार्थिनीची वाट बघत. आत वाकून बघितलं, आणि चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. "देणारच होतो," म्हणाले.

"कधी? तेराव्याला?"

असं बोलायला नको होतं. पण बोलले. त्यावर ते म्हणाले, "तू लपवलंस तेव्हा मी काय म्हणायचं होतं?" तेवढ्यात ती पोरगी येऊन दारापाशी उभी राहिली, तिला वाटलं ती उशिरा आली म्हणून सर रागावलेत.

तुला खरं सांगते, त्या दिवशी सुई लावायच्या आधी मोठ्या सिस्टरनी विचारलं होतं, "मागच्या वेळी काही त्रास?" त्या प्रत्येक वेळी विचारतात. आणि मी म्हटलं होतं, "काही नाही." पत्र वेळेवर आलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं. तेव्हा तू स्वतःला खात बसू नकोस.

ते कसं असतं सांगू? दुखणं नाही ते. आधी वाटतं, काहीतरी फार वाईट होणार आहे. नक्की. कुणी कानात सांगावं इतकं नक्की. मग गळा आतून भरत येतो. हवा समोर आहे, खोलीभर आहे, आणि माझ्या वाट्याला सुईच्या भोकाएवढी. हे माझं नाव घेत होते ते ऐकू येत होतं, पण उत्तर द्यायला हवा लागते. मला आठवतं की माझी चूक मला तेव्हा कळली होती. आणि आता सांगायला वेळ नाही, हेही.

तेव्हापासून माझं सगळंच बिनसलंय. गळ्याशी बटण असलेला कपडा चालत नाही. न्हाणीघराची कडी लावत नाही, लेक बाहेर उभी राहते. पाण्याचा घोट जरा अडकला की घाम फुटतो. दुकानात मागच्या टेबलाला खिडकी नाही, म्हणून जाणं सोडलं. घरी एका खुर्चीवर बसते, दाराकडे तोंड करून.

ते औषध अर्थातच बंद झालं. दुसरं एक दिलं, ११ मार्चला. त्याने केस गेले, तोंड आलं, आणि आजार किती आहे ते दाखवणारा रक्तातला आकडा, जो खाली यायला हवा, तो एकशे चाळीसवरून तीनशे दहावर गेला. परवा डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना बसवलं. म्हणाल्या, एक रस्ता आहे. जुनंच औषध द्यायचं, पण शरीराला कळू न देता. हजारपट पातळ करून एक थेंब. पाव तासाने त्याच्या दुप्पट. पुन्हा दुप्पट. अशा बारा पायऱ्या, शेवटची काही तास चालणारी, मिळून दिवसभर, अतिदक्षता विभागात, इंजेक्शन हाताशी भरून ठेवून. बऱ्याच जणांचं शरीर त्या दिवसापुरतं ते मान्य करतं. त्या दिवसापुरतंच. तीन आठवड्यांनी पुढचा डोस आला की पुन्हा पहिल्या थेंबापासून. मी विचारलं, "आणि नाही मानलं तर?" त्या म्हणाल्या, "म्हणून तर आम्ही तिथे असू." खोटा धीर देत नाहीत, ते एक बरं आहे.

हे म्हणाले, "नाही. परत नाही." लेक रडायला लागली. मी म्हटलं, "विचार करून सांगते," अगदी चष्म्याची फ्रेम निवडायला आल्यासारखं.

आता बघ माझी गंमत. ज्या औषधाने जगेन, त्यानेच गळा धरला. ते नको म्हणावं तर पोटातलं धरतं. या बाजूला भिंत, त्या बाजूला भिंत. घरात विचारतात, "काय ठरवलंस?" मी म्हणते, "बघू."

२२ एप्रिल ही तारीख त्यांनी धरून ठेवलीय. दादा, तू ये. पहिल्या आजारात शेजारी बसून असले भिकार विनोद सांगायचास की सिस्टर तुला बाहेर काढायच्या. तू शेजारी असशील तर मी करेन. नाहीतर माझी हिंमत नाही.

खार


९ एप्रिल

खारूताई,

मी येऊ शकत नाही. आणि या वेळी कारण खरं सांगतो.

एकोणीस मजली इमारत वगैरे सगळं खोटं होतं. गेली दोन वर्षं मी सुट्या भागांच्या गोदामात बसतो. पट्टे, बटणं, दिवे यांची यादी करतो. लिफ्टच्या कामाला मी हात लावलेला नाही.

झालं असं. लिफ्टच्या खाली, जमिनीत एक खड्डा असतो, माणूस उभा राहील एवढा. त्यात उतरून स्प्रिंगा तपासायच्या असतात. हजारदा उतरलोय. त्या दिवशी वरचा ब्रेक सरकला आणि लिफ्ट हळूहळू खाली आली. मी खाली बसलो, मग आडवा झालो. ती थांबली तेव्हा तिचं पोट माझ्या नाकापासून वीतभर होतं. चार तास, खारे. कूस बदलता येत नव्हती.

वरून जोडीदार ओरडत होता, ते मला ऐकू येत नव्हतं. मग तो पान्याने लोखंडी पट्टीवर ठोके मारायला लागला. पट्टीवर हात ठेवला की तळव्याला कळायचं. दर थोड्या वेळाने एक ठोका. तेवढ्यावर चार तास काढले. कुणीतरी आहे एवढं कळलं की माणूस तगतो.

पण सांगायची गोष्ट वेगळीच आहे. मी खालून सारखा ओरडत होतो, "मी ठीक आहे, मी ठीक आहे!" कशासाठी? तीस वर्षांचा मेकॅनिक, घाबरला असं कुणी म्हणू नये म्हणून. मी ठीक आहे म्हणतोय म्हटल्यावर त्यांनी घाई केली नाही. मोठा जॅक दुसऱ्या गावाहून मागवला, त्याची वाट बघत बसले. नंतर साहेब म्हणाले, "गुदमरतंय म्हणाला असतात तर अर्ध्या तासात दार कापून काढलं असतं." साडेतीन तास मी माझ्याच तोंडाने अडकून राहिलो.

तेव्हापासून बंद जागेत जाता येत नाही. बसचं दार लागलं की छातीत धडधडतं, उतरावं लागतं. आगगाडीचं तिकीट तीनदा काढलं, तुझ्याकडे यायला. तीनदा फलाटावरून परत फिरलो. तुला वाटलं असेल, दादाला बहिणीचा कंटाळा आला. मी तसं वाटू दिलं, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. मेहुण्यांना यातलं काही सांगू नकोस. त्यांच्या नजरेतून आधीच उतरलोय.

करू की नको, हे मी सांगणार नाही. त्या खुर्चीवर तुला बसायचंय, मला नाही. पण करणार असशील तर दोन गोष्टी. एक, 'काही नाही' हे शब्द त्या दिवशी घरी ठेवून जा. पायाला मुंगी चावली तरी बोल. दुसरं, शेजारी मला नको, मेहुण्यांना बसव. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून त्या माणसाचा पाय ब्रेकवर असतो. तुझ्या बाजूला विनोद सांगणारा काय कामाचा? ब्रेकवर पाय असलेलाच माणूस हवा.

तुझा
दादा


२४ एप्रिल

दादा,

तुझं पत्र पंधराला आलं. मी ते तीनदा वाचलं, मग स्वयंपाकघरात गेले. हे भांडी पुसत होते.

मी म्हटलं, "मला भीती वाटते."

ते म्हणाले, "मला माहितीय."

"नाही, तुम्हाला माहीत नाही. मी सांगितलेलंच नाही." आणि मग सांगितलं. त्यांनी तुझ्या पत्रात वाचलेली सातव्या डोसची खाज, सिस्टरना म्हटलेलं 'काही नाही', न्हाणीघराची कडी, सगळं. उभ्या उभ्या. त्यांच्या हातात तीच एक ताटली, पुसून पुसून कोरडी ठक्क झालेली. मी म्हटलं, "मला हे करायचंय. तुम्ही नको म्हणालात तरी करायचंय. पण तुम्ही शेजारी नसलात तर माझ्याच्याने होणार नाही."

त्यांनी ताटली ठेवली आणि बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. अर्ध्या तासाने आले ते वही घेऊन. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना त्या वहीतून एकतीस प्रश्न विचारले. एकतिसावा प्रश्न: "हे थांबवायचं बटण नक्की कुठलं? मला हात लावून दाखवा." त्यांनी नळीवरची चिमटी दाखवली, मशीनवरचं बटण दाखवलं. म्हणाल्या, "पण दाबणार आम्ही. तुम्ही फक्त ओरडायचं." हे म्हणाले, "ते मला येतं."

बावीसला सकाळी नऊला चालू झालं. तीन पिशव्या टांगलेल्या. एकीत जवळजवळ पाणीच, दुसरीत जरा जास्त, तिसरीत खरं औषध. छातीला तारा, बोटाला चिमटा, दंडाला पट्टा, तो दर पाच मिनिटांनी आवळायचा. उजव्या हाताला सुई, डाव्याला दुसरी, वेळ पडली तर म्हणून. मला हलता येत नव्हतं. पडदा ओढायला आले तर मी म्हटलं, "नको. उघडा ठेवा." मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "उघडा तर उघडा. बघू देत लोकांना, फुकटचा खेळ."

पहिल्या पायरीला मी रडले. काहीच झालं नव्हतं, तरी रडले. तो पहिला थेंब नळीतून येताना दिसत होता. ते सोडून मी दुसरं काही बघू शकत नव्हते. दुसरी, तिसरी, चौथी. मशीन पिंग करायचं, सिस्टर आकडा दुप्पट करायच्या, हे वहीत वेळ लिहायचे. पाव तास किती मोठा असतो रे! सातव्याला मला डुलकी लागली. आठव्याला जागी झाले ती दचकून, आणि यांनी माझ्या पायावर हात ठेवला. हाताला जागाच नव्हती, सगळीकडे तारा.

अकराव्या पायरीला तळहात गरम झाले.

दादा, तुला खरं सांगते. त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार काय आला? की आता एकच पायरी राहिलीय, गप्प बसावं. थोडं सहन करावं. सांगितलं की बंद करतील. एवढं सगळं होऊनसुद्धा! जित्याची खोड. हे माझ्याकडेच बघत होते. त्यांना काहीतरी दिसलं असावं, पण ते ओरडले नाहीत. माझी वाट बघत होते.

मी म्हटलं, "सिस्टर, होतंय. हात. आणि कानाच्या पाळ्या."

टक् करून बंद. सगळे धावले. आता ते गुदमरणं येणार म्हणून मी गळा आवळून धरला. माझा मीच. सिस्टरनी सुईतून काहीतरी दिलं. डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या, "तोंड उघडा. बोला. काहीही बोला." मला काही सुचेना, तर मी लांबचं दिसायच्या चष्म्याचा आणि वाचायच्या चष्म्याचा फरक सांगायला लागले. त्या सगळं ऐकत उभ्या राहिल्या. ब्लडप्रेशर जागेवर होतं. गळा उघडा होता. अर्ध्या तासाने हातांची लाली उतरली.

मग त्यांनी विचारलं, "एक पायरी मागे जाऊन परत चालू करता येईल. किंवा आज इथेच थांबता येईल. काय करू या?" आणि त्या यांच्याकडे बघायला लागल्या. सगळे घरच्या पुरुषाकडे बघतात तसं.

हे म्हणाले, "तिला विचारा."

पिशवीत अजून बरंच औषध होतं. मला ती पिशवी फेकून द्यावीशी वाटत होती, उठून जिन्याने खाली पळावंसं वाटत होतं. शेवटी म्हटलं, "दहापासून."

संध्याकाळी पावणेसहाला पिशवी रिकामी झाली.

तुला वाटेल, आता सुटले. सुटले वगैरे नाही. १३ मेला पुन्हा. पुन्हा पहिल्या थेंबापासून, पुन्हा त्या तारा, पुन्हा तो पट्टा. आकडा उतरतोय की नाही हे तेव्हा कळेल. आज सकाळपासून मी त्या तारखेकडे बघतेय. कडी अजून लावता येत नाही. फक्त आता मी ते घरात मोठ्याने सांगते, एवढाच बदल. लेक म्हणते, "आई, तू आता सगळंच सांगतेस, थोडं कमी सांग."

तुझ्या खड्ड्याबद्दल मी काय लिहू? दोन वर्षं तू त्याच्यातच आहेस आणि मी तुझ्यावर रुसून बसले होते.

एक काम तुझ्या मनाविरुद्ध करणार आहे. आधी सांगून ठेवते.

खार


२१ मे

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सांगू नकोस असं लिहिलं होतंत, तरी तिने मला तुमचं सगळं सांगितलं. म्हणाली, "या घरात आता कुणाचीच शपथ चालणार नाही." रागावायचं असेल तर तिच्यावर रागवा.

तेरा तारखेचा डोस पार पडला. या वेळी दहाव्या पायरीला थांबावं लागलं, चाळीस मिनिटं. ती स्वतःहून बोलली. रक्तातला आकडा तीनशे दहावरून दोनशे वीसवर आला आहे. डॉक्टर म्हणतात, उतार आहे, पण किती दिवस ते सांगता येत नाही. पुढचा ३ जूनला. त्याच्या पुढचा २४ जूनला. असं किती वेळा, याचं उत्तर माझ्या वहीत नाही. घरी आली की दोन दिवस कुणाशी बोलत नाही. तिसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलंय का विचारते.

फेब्रुवारीत मी तुम्हाला जे लिहिलं ते परत घेत नाही. ते खरं होतं. पण मी तुमचं पत्र सहा आठवडे गाडीत ठेवलं, तेही खरं आहे. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी २९ तारखेला गाडी घेऊन निघतो आहे. तुम्हाला न्यायला. उत्तराची वाट बघत नाही, कारण तुम्ही नको म्हणाल. गाडीच्या चारही काचा खाली ठेवू. महामार्गाने जाणार नाही, आतल्या रस्त्याने जाऊ, तिथे कुठेही गाडी बाजूला घेता येते. वाटेतला बोगदा टाळला की चाळीस किलोमीटर जास्त पडतात. मी नकाशा बघून ठेवला आहे. तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबेन, तुम्ही चला म्हणेपर्यंत निघणार नाही. परत जायचं म्हणालात तर परत सोडेन.

सरळ आलं तर तुमच्याकडे यायला एक दिवस लागतो, परतायला एक. मी पाच दिवसांची रजा टाकली आहे. बाकीचे तीन दिवस रस्त्यात थांबण्यासाठी.

आपला,
(सही)